बाळाचे ड्रॉप्स सासूबाई देतात, माप कसं समजावू?

कापूसवेचणी_यवतमाळ
नमस्कार. आम्ही घाटंजी तालुक्यातले. मुलगी सात महिन्यांची आहे. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीचे ड्रॉप्स रोज सांगितलेत, आणि आशाताईंनी लोहाचं सिरप दिलंय, आठवड्यातून दोनदा. वेचणी सुरू आहे, मी सकाळीच वावरात जाते, म्हणून औषध सासूबाईच पाजतात. लेकराला खूप जीव लावतात, पण त्यांना वाचता येत नाही. लोहाचं सिरप दोन-तीन दिवस रोज दिलं, मग शी काळी झाली म्हणून घाबरून दोन्ही बाटल्या बंद केल्या. त्यात डीची बाटली संपली, दुकानातून दुसऱ्या कंपनीची मिळाली. कसं समजावू?

गटप्रवर्तक_चंद्रपूर
ताई, लोहानं शी काळी होतेच, घाबरायचं नाही. सिरप 1 मिली, आठवड्यातून दोनदाच. तेवढ्यात 20 मिग्रॅ लोह असतं, म्हणून रोज नको. जास्तीचं गेलंय, तर बाटली घेऊन एकदा उपकेंद्रात सांगून या. ताप किंवा हगवण असली की तेवढे दिवस थांबायचं. घरात कोणाला सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या.
गृहभेटीत मी नेहमी पाहते, माहिती सगळी सुनेला मिळते आणि बाटली असते आजीच्या हातात. "समजलं का?" विचारलं की आजी "हो जी" म्हणते. त्यापेक्षा "आई, कसं पाजता ते दाखवा" म्हणा. एका आजीनं माझ्यासमोर चहाचा चमचा काठोकाठ भरला. बाटलीसोबतचं माप खोक्यातच पडलं होतं.

औषधवाला_वर्धा
डीची बाटली नीट वाचा. वर्षापर्यंत बाळाला रोज 400 आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) लागतं. काही बाटल्यांत 1 मिलीमध्ये 400 असतं, काहींत 800. शिकलेली माणसंही इथंच फसतात, कारण जुन्या बाटलीचं माप डोक्यात बसलेलं असतं. ड्रॉपर ज्याचा त्यालाच ठेवा. भरायचं तिथं बाहेरून नेलपॉलिशची रेघ ओढा.

वऱ्हाडी_बाप
माह्या मायलेही वाचता येत नाही. लोह बाजाराच्या दिवशी अन् शुक्रवारी, डी रोज आंघोळीनंतर, असं ठरवून देलं. लोहाच्या बाटलीले लाल दोरा बांधला. पाजलं की माय कॅलेंडरवर टिंब मारते. तिच्या हाती काम सोपवलं, तवापासून एक दिवस चुकला नाही.

कापूसवेचणी_यवतमाळ
लाल दोरा आजच बांधते. बाटलीवर 1 मिलीला 800 लिहिलंय. आणि सर्दी झाली की सासूबाई डी बंद करतात, चालेल का?

औषधवाला_वर्धा
साध्या सर्दीत डी बंद करायची गरज नाही. तुमची रेघ 0.5 मिलीवर. ड्रॉपर सासूबाईंच्या हातूनच भरून घ्या, तुम्ही फक्त पाहा.