रेडिओ तापेपर्यंतचं ते अर्धं मिनिट

जुना रेडिओ म्हटला की विविध भारती, असं बरेच जण म्हणतात. पण ती आली ऑक्टोबर १९५७ मध्ये. त्याआधी, १९५२ साली केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपारच झाली. मग सगळ्यांनी काटा वळवला श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला, म्हणजे बिनाका टूथपेस्टवाल्यांचा, सिनेमाची गाणी क्रमवारीनं लावणारा कार्यक्रम!

आमच्या चाळीत रेडिओ एकाच बिऱ्हाडात. काकू दार उघडं ठेवायच्या, आम्ही पोरं उंबऱ्यापर्यंत दाटीवाटीनं बसायचो. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आतले व्हॉल्व तापायचे, स्टेशन नीट लागलंय का ते दाखवणारा तो हिरवा डोळा हळूहळू उजळायचा, धूळ तापल्याचा वास यायचा, आणि खरखरीतून गीतमालेचे निवेदक अमीन सायानींचं ‘बहनों और भाइयों’. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा आत-बाहेर व्हायचा. नेमकं वरच्या पायदानाचं, म्हणजे वरच्या क्रमांकाचं गाणं लागायचं आणि स्टेशन सरकायचं. काका कान लावून बोटाच्या पेरानं काटा हलवायचे तेव्हा कुणी खोकतही नसे.

आणि बिनाका टूथपेस्टच्या खोक्यातले ते प्लॅस्टिकचे चिमुकले प्राणी! माझ्याकडचा हत्ती अजून आहे, सोंड तुटलेली. तुमच्यापैकी कुणी जपलेत का?