अनुभव धागा: लोकप्रशासन / पब्लिक पॉलिसीची मास्टर्स केलेल्यांनो, काय राहिलं डोक्यात?

लालशाई: काल खण आवरताना दुसऱ्या सेमिस्टरचा माझा एक मेमो सापडला. दोन पानी. पहिलं पानभर मी नुसती पार्श्वभूमी लिहिली होती, प्रश्न कधीपासूनचा, कोणत्या समितीने काय म्हटलं वगैरे, आणि सरांनी त्या सबंध पानावर लाल पेनाने तिरकी रेघ मारून खाली लिहिलंय, "मग मी काय करू?" बस्स. तीन रात्री जागून लिहिलेला, रडू आलं होतं तेव्हा, खोटं कशाला सांगू. नंतर केबिनमध्ये बोलावून म्हणाले, हे वाचणारा माणूस एका मीटिंगमधून दुसऱ्या मीटिंगला चाललाय, शिफारस पहिल्या ओळीत पाहिजे, इतिहास त्याला हवा असेल तर तो मागेल. नोकरीत बारा वर्षं झाली, अजून टिपण लिहायला घेतलं की तो आवाज येतो. तुमचं पण लिहा ना. काय उपयोगी पडलं, काय वाया गेलं, काहीही.

अर्धवट_प्रबंध: पहिला अनुभव म्हणजे नातेवाईक. "पॉलिसी शिकतोस? मग आमच्या विम्याचं जरा बघ की." दोन वर्षं हेच.

रात्रपाळी: हाहाहा +१. मी तर शेवटी एकाचा फॉर्म खरंच भरून दिला.

खिडकी_नं_३: मी उलट्या वाटेने आलो. आधी सात वर्षं काउंटरवर, मग शिकायला. वर्गात सगळ्यात थोराड, पोरं काका म्हणायची. लिप्स्की नावाचा अमेरिकन अभ्यासक शिकवला त्या दिवशी मात्र मान ताठ झाली. १९८० सालचं म्हणणं त्याचं, की शिक्षक, पोलिस, खिडकीवरचा कारकून हे लोक रोज जे छोटे छोटे निर्णय घेतात तेच लोकांच्या दृष्टीने खरं धोरण. आमच्या फॉर्मात 'उत्पन्नाचा स्रोत' असा रकाना होता. रोजावर जाणाऱ्या बायकांना काय लिहावं कळायचं नाही, मी 'इतर' लिहून पुढे सरकवायचो, शेजारच्या खिडकीतला तोच फॉर्म परत पाठवायचा. नियम एकच, पण आपण कुठल्या रांगेत उभे राहिलो त्यावर काम व्हायचं. मला वाटायचं मी नुसता दयाळूपणा करतोय. वर्गात कळलं की मी धोरण करत होतो, आणि तोही करत होता. त्याच्यावरचा राग थोडा कमी झाला, सगळा नाही.

लालशाई: काका, हे वेगळं लिहा हो सविस्तर. खरंच.

सिग्मा_ताई: स्टॅट्स!!! कोणीच कसं बोलत नाही. मी साहित्याची पदवी घेऊन आले होते, पहिल्या आठवड्यात रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मांडायची पद्धत), दुसऱ्यात वाटलं बॅग भरावी. मग कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांचा किमान वेतनाचा अभ्यास आला. १९९२ मध्ये न्यू जर्सीने किमान वेतन तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नाही, मग दोन्हीकडच्या फास्ट फूडवाल्यांकडे आधी नि नंतर किती माणसं कामाला होती ते मोजलं. सगळे म्हणत होते रोजगार घटणार, यांना घट दिसलीच नाही. त्यावर पुढे बरीच भांडणं झाली तो भाग वेगळा. हे डिफ-इन-डिफ, म्हणजे दोन्हीकडच्या बदलांमधला फरक बघणं, मी आईला फोनवर समजावून सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे शेजारच्या पोराला किती मार्क पडले हेच विचारायचं ना, ते मी तू पहिलीत असल्यापासून करतेय. पोरगं उठलं, नंतर ल

रात्रपाळी: आईंना डायरेक्ट पीएचडी द्या

फाईलवाली: मला गणित एकच आठवतं. प्रेसमन आणि विल्डाव्हस्की या अभ्यासकांच्या पुस्तकातलं, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधल्या रोजगार योजनेवरचं, १९७३. वॉशिंग्टनमध्ये सगळ्यांचं एकमत, पैसा मंजूर, कोणीच विरोधात नाही, तरी काम पुढे सरकेना. त्यांनी मोजलं तर ७० ठिकाणी कोणाची ना कोणाची संमती लागत होती. आता प्रत्येक ठिकाणी होकार मिळायची शक्यता ९५ टक्के धरा, म्हणजे सगळे भले लोक. तरी सत्तरच्या सत्तर होकार मिळायची शक्यता तीन टक्केसुद्धा येत नाही. ९९ धरली तरी पन्नासच्या खालीच. मॅडमनी वर्गात कॅल्क्युलेटर काढायला लावला होता. तेव्हापासून कोणी 'सगळ्यांचा पाठिंबा आहे' म्हणालं की मी आधी सह्या मोजते.

नवखा२: एक प्रश्न, एमपीए (लोकप्रशासनाची मास्टर्स) आणि एमपीपी (पब्लिक पॉलिसीची) यात नक्की फरक काय? ॲडमिशन दोन्हीकडे मिळतेय.

फाईलवाली: ढोबळ सांगते. एमपीएमध्ये संस्था चालवणं जास्त, म्हणजे बजेट, माणसं, संघटना. एमपीपीमध्ये अर्थशास्त्र, आकडेवारी, पर्याय तोलणं जास्त. पण नावावर जाऊ नकोस, सक्तीचे विषय कोणते ते बघ, कित्येक ठिकाणी दोन्हींची सरमिसळ असते. कॅपस्टोनला, म्हणजे शेवटच्या प्रकल्पाला, खरा क्लायंट देतात का तेही विचार.

अर्धवट_प्रबंध: क्लायंट देतात. तो मेलला उत्तर देतो का हेही विचार. आमचा 'डेटा पुढच्या आठवड्यात' म्हणाला होता, अजून तो आठवडा उगवायचाय. सहा जणांच्या ग्रुपने शेवटी 'डेटा का मिळत नाही' यावरच रिपोर्ट दिला, आणि शपथेवर सांगतो, चांगले मार्क पडले.

पोस्डकॉर्ब: माझं नाव बघून ओळखलं असेलच. गुलिक या प्रशासनाच्या अभ्यासकाचा १९३७ चा शब्द, व्यवस्थापकाच्या कामांची आद्याक्षरं जोडून केलेला, प्लॅनिंग ऑर्गनायझिंग स्टाफिंग वगैरे. पाठ होईना म्हणून मांजरीचं नाव तेच ठेवलं. मांजर यातलं एकही काम करत नाही.

रात्रपाळी: डायरेक्टिंग करते की. माझी तर फक्त तेच करते.

पोस्डकॉर्ब: बरोबर. आणि बजेटिंग माझ्या पगाराचं.

उंबरठा: मला हर्बर्ट सायमन या अभ्यासकाचं सॅटिसफायसिंग फार आवडलं होतं, सगळे पर्याय तपासत बसायला वेळ नि बुद्धी दोन्ही अपुरे, म्हणून माणूस 'पुरेसा बरा' पर्याय दिसला की थांबतो. मी हे उत्साहाने नवऱ्याला सांगितलं, वर म्हटलं आपलं लग्न हे उत्तम उदाहरण आहे. तीन दिवस अबोला.

खिडकी_नं_३: 😂 पर्याय नीट मांडायला शिकवलं नाही वाटतं

शेवटचा_बाक: मी पूर्ण नाही केली. तिसऱ्या सेमिस्टरला वडील आजारी पडले, परत आलो, मग राहिलंच. इथे लिहू की नको विचार करत होतो.

लालशाई: लिहिलंत ते बरं केलंत. क्रेडिट अजून ग्राह्य धरतात का एकदा विचारून बघा, काही ठिकाणी मुदत असते.

शेवटचा_बाक: बघतो. सात वर्षं झाली म्हणा.

सिग्मा_ताई: आले. पोरगं झोपलं. कुठे होते मी? हां, तर दुसऱ्या पेपरला मी नापास झाले.