प्रतिसाद : नाशिक ते नागपूर, सात तासांत?

वर एकांनी लिहिलंय की समृद्धी महामार्गामुळे नाशिक-नागपूर सात तासांत होतं, दुपारी जेवून निघालं तरी चालेल. सोबत वयस्कर आई असेल तर कृपया असं करू नका.

शिर्डी-नागपूर हा ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ पासून सुरू आहे. कारला १२० ची मर्यादा धरली तर तेवढ्यालाच सव्वाचार तासांहून जास्त लागतात, तेही गाडी कुठेही न थांबवता. शिवाय नाशकातल्या द्वारका चौकापासून नाशिकरोडपर्यंतची गर्दी, शिंद्याचा टोलनाका, मोहदरी घाट, सिन्नर, हे सगळं समृद्धीला लागायच्या आधीच! पलीकडे रस्ता शिवमडक्याला संपतो, तिथून नागपुरात शिरायचं ते वेगळंच. आईला दर दोन तासांनी पाय मोकळे करायला उतरवणार ना? मग आठ-नऊ तास धरूनच चाला.

पहाटे निघा. सिमेंटचा सरळसोट रस्ता, ना वळण ना गाव. दुपारच्या उन्हात डोळा कधी लागतो कळतही नाही. मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते. टायर गुळगुळीत झाले असतील तर आधी बदला, हवा टायर थंड असतानाच तपासा.

एकटेच चालवणार असाल तर सरळ विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढा. रात्री नाशिकरोडला बसायचं, सकाळी नागपूर. वेळ थोडा जास्त जातो, पण आईला आडवं होता येतं. खालचा बर्थ मात्र आठवणीने मागा.