क्रस्टचं अर्धं श्रेय अमेबिक्सला

क्रस्ट, म्हणजे पंक आणि मेटलच्या मिश्रणातलं ते जड, काळोखं संगीत, सगळं डिस्चार्ज या ब्रिटिश पंक बँडपासूनच आलं, असं या चर्चेत म्हटलं जातंय. मला ते अर्धंच पटतं. ड्रमचा तो पळता ठेका त्यांचाच, वाद नाही. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या या बँडच्या नावातल्या 'डी'वरूनच त्याला डी-बीट म्हणतात, आणि १९८२ चा त्यांचा अल्बम आजही अंगावर येतो. पण क्रस्टमधला जडपणा, तो काळोख कुठून आला? माझ्या मते अमेबिक्सकडून. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या या बँडच्या पोरांनी पंकमध्ये मोटरहेड आणि ब्लॅक सॅबथ या बँडचं जड संगीत कालवलं. १९८५ चा त्यांचा 'अराइज!' हा अल्बम हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला अजिबात घाई नाही, वातावरण हळूहळू दाटत जातं आणि मग गिटार घुसते. मी दर वेळी तिथे श्वास रोखतो. १९८७ मध्ये बँड फुटला. गायक आणि बासिस्ट रॉब मिलर पुढे स्कॉटलंडच्या स्काय बेटावर तलवारी घडवू लागला, आणि त्याचा आवाज ऐकला की ते अगदी खरं वाटतं! पुन्हा एकत्र आल्यावरचा, २०११ चा 'सॉनिक मास'ही सोडू नका. वेग कमी आहे, पण मला फार जवळचा.

आणि स्वीडनच्या अँटी सिमेक्स या पंक बँडचं नाव या चर्चेत अजून कुणी कसं घेतलं नाही? डी-बीट तिकडे रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.