मदत हवी आहे : साडेचार वर्षांच्या मुलीला यमक जुळवायला कसं शिकवू?

नमस्कार. मुलगी साडेचार वर्षांची आहे. बोलणं स्वच्छ, गोष्टींची प्रचंड आवड, बडबडगीतं तोंडपाठ. पण "'पान'शी जुळणारा शब्द सांग" म्हटलं की ती 'झाड' म्हणते, नाहीतर 'पाणी'. दोन्ही उत्तरांमागे तिचा विचार आहे. एक अर्थाने जवळचं, दुसरं सुरुवातीच्या आवाजाने. शब्दाच्या शेवटाकडे मात्र तिचं लक्ष जात नाही.

चित्रांच्या जोड्या करून पाहिल्या : चाक-नाक, फूल-मूल, गाडी-माडी. त्या तिने पाठ केल्या, नवी जोडी आली की अंदाजपंचे. त्यात अक्षरओळख सुरू झाली आहे, त्यामुळे 'कान' आणि 'ऊन' जुळतात असं ती ठामपणे सांगते, कारण दोन्हींच्या शेवटी 'न' आहे! धाकटा अडीच वर्षांचा. तो मध्येच 'टान, फान, घान' असं काहीही ओरडतो आणि ते बरोबर जुळतं.

सुरुवात कुठून करू? असे बिनअर्थाचे शब्द चालू द्यावेत का? अक्षरं काही दिवस बाजूला ठेवावीत का? आणि यात काळजी करण्यासारखं काही आहे का? वर्कशीट आणि अ‍ॅप नकोत. खेळता खेळता, कामं करता करता जमेल असं सुचवा, प्लीज.

प्रतिसाद १
मी बालवाडीत शिकवते. तुम्ही थेट सगळ्यात अवघड पायरीवर गेला आहात. शब्द स्वतः शोधून सांगणं शेवटी येतं. त्याआधी भरपूर ऐकणं, मग 'जुळतात की नाही' एवढंच ओळखणं, मग तिनातला वेगळा शब्द काढणं.

'पान-कान' म्हटलं की उडी मारायची, 'पान-उशी' म्हटलं की खाली बसायचं. हे सहज जमायला लागलं की 'कान, पान, उशी' यातला पाहुणा कोण ते विचारा. इथे एक काळजी घ्या. सुरुवातीला 'कान, पान, डोळा' देऊ नका. कान आणि डोळा अर्थाने एकत्र ओढले जातात आणि मूल पानाला बाहेर काढतं. तुमची मुलगी अर्थाकडे झुकते, म्हणून तिच्यासाठी हे फारच महत्त्वाचं. तीन शब्द डोक्यात धरणंही लहान मुलांना जड जातं, तेव्हा वस्तू किंवा चित्रं समोर असू द्या.

अक्षरं मुळीच थांबवू नका. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या चार-पाच वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असेच 'वेगळा शब्द ओळखा' खेळ होते. ज्यांना ते चांगले जमत, ती मुलं पुढे वाचनातही सरस ठरली. आणि आवाजांच्या खेळाबरोबर प्लॅस्टिकची अक्षरंही हाताळलेल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला.

'कान-ऊन'चं उत्तरही अक्षरांतच आहे. बोलताना शेवटचा 'न' अर्धाच उच्चारला जातो, म्हणून त्याच्या आधीचा स्वरही जुळावा लागतो : 'आन' वेगळं, 'ऊन' वेगळं. 'न'चं कार्ड जागेवर ठेवा आणि त्याच्या आधी 'का, पा, मा, रा' बदलत जा. मग तिथेच 'ऊ' ठेवा आणि मोठ्याने म्हणायला लावा. तिच्या कानालाच फरक कळेल.

प्रतिसाद २
बिनअर्थाचे शब्द चालतील काय, धावतील! 'फान' म्हणणाऱ्या मुलाने अर्थ सोडून नुसता आवाज पकडलाय, आणि नेमकं तेच हवं आहे.

आपल्या बोलण्यात पुस्तक-बिस्तक, उशी-बिशी असतंच. घरभर फिरत प्रत्येक वस्तूला असं शेपूट लावा. शब्दाचं तोंड बदललं तरी शेवट तोच राहतो, हे मुलांना यातून फार लवकर उमगतं. मात्र 'पाणी-बिणी'त 'आ' निघून जातो, म्हणजे ते पक्कं यमक नाही. पुढच्या टप्प्यात स्वर तसाच ठेवून नुसतं व्यंजन बदलायचं : पाणी-टाणी-राणी-गाणी. गडबड, धडपड, खटपट, चुळबुळ या शब्दांच्या तर पोटातच यमक आहे. दोन टाळ्या वाजवत म्हणा.

आमच्याकडे सगळ्यात चाललेला खेळ म्हणजे अर्धवट ओळ. "मांजर चढलं माडीवर, उंदीर बसला..." असं म्हणून थांबायचं. 'गाडीवर' आपोआप येतं. 'झाडीवर' आलं तरी तितकंच बरोबर.

प्रतिसाद ३
साडेचारला यमक सुचत नाही, एवढ्यावरून काळजी नको. पण ती वारंवार "काय?" विचारत असेल, मागून हाक मारल्यावर लक्ष देत नसेल किंवा कान सारखा दुखत, वाहत असेल, तर एकदा कानाच्या डॉक्टरांकडून ऐकण्याची तपासणी करून घ्या.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. ऐकण्याची तक्रार नाही, कुजबुजलेलंही तिला कळतं. उड्यांच्या खेळापासून सुरुवात करते. एक शंका : धाकट्याला सोबत घेऊ का? तो आधी ओरडतो आणि मग ती गप्प बसते.

प्रतिसाद १
घ्या, पण कामं वाटून द्या. त्याने वस्तू उचलून आणायची आणि तिचं नाव सांगायचं, जुळतं की नाही हे तिने ठरवायचं. निदान आठवडाभर तरी शब्द बनवायला कुणालाच सांगू नका.