नाताळ २०२०ची मिस्सा: ७३ वर्षांच्या मम्मीला चर्चला न्यायचं की यूट्यूबच पुरे?

बोरिवलीची_धाकटी

सगळ्यांना ॲडव्हान्समध्ये मेरी ख्रिसमस. आमच्याकडे नेवऱ्या, कुलकुल राहिले बाजूला, रोज संध्याकाळी वाद चाललाय, म्हणून इथे विचारते.

मम्मी ७३ची, शुगर आहे, मार्चपासून चर्चची पायरी चढलेली नाही. त्याआधी रोजची सकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना) आणि बुधवारी माहीमचा नोव्हेना (तिथल्या चर्चमधली दर आठवड्याची प्रार्थना), पाऊस असो नाहीतर लोकल बंद असो, बाई जाणारच. लॉकडाऊनमध्ये मोबाईल टीव्हीला जोडून दिला, झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे, ईस्टर सगळं हॉलमध्येच झालं आणि तिने कुरकुर केली नाही कारण सगळेच घरी होते. पण १६ नोव्हेंबरला देवळं-चर्च उघडायला परवानगी मिळाली तेव्हापासून एकच धोशा, शेजारची जाते, पलीकडची जाते, मग मलाच का डांबून ठेवलंय. नाताळला तरी न्या म्हणते. वर म्हणते टीव्हीवर फादर दिसतात पण ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) काय टीव्हीतून मिळतो का. यावर काय बोलायचं सांगा.

भाऊ लंडनहून येणार होता, कोविडच्या त्या नवीन प्रकाराच्या भानगडीत फ्लाइटच बंद झाली, तो तिथून फोनवर ओरडतोय की तिला दाराबाहेर काढू नकोस. ताई म्हणते एक दिवसाने काय होतंय. निर्णय मात्र माझ्या गळ्यात कारण मम्मी माझ्याकडे राहते. तर ऑनलाइन मिस्सा धरली जाते का, नाही गेलं तर पाप लागतं का, घरी ख्रिस्तप्रसाद मिळतो का, आणि जे जाताय त्यांनी खरं सांगा गर्दी किती असते.

गेटवरचा_गडी

ताई, मी आमच्या पॅरिशमध्ये (आमच्या भागाच्या चर्चमध्ये) व्हॉलंटियर आहे, गेटवर थर्मल गन घेऊन उभा असतो, त्यामुळे गर्दीचं मी सांगतो, पापाचं जाणकारांनी बघावं.

एरवीच्या रविवारी बरीच शिस्त आहे. नाव आधी नोंदवायचं, एक बाक सोडून एक, बसायच्या जागेवर टेप लावलीय, दारातलं पवित्र पाण्याचं भांडं कोरडं, गाण्याची पुस्तकं उचलून ठेवलीत. क्वायर नाही, कीबोर्डवाला एक आणि गाणारी एक. मिस्सेत एकमेकांना शांती द्यायच्या वेळी हात मिळवायचा नाही, नुसतं वाकून नमस्कार. मिस्सा संपली की बाक पुसून पुढच्या बॅचला आत सोडतो.

पण नाताळचं वेगळं आहे. सरकारचं पत्रक आलंय, मिस्सेला जास्तीत जास्त ५० माणसं, आणि ६० च्या वरच्यांनी नि १० च्या खालच्यांनी घरीच थांबावं असं लिहिलंय. मिडनाइट मिस्सा तर नाहीच, रात्री ११ ते सकाळी ६ कर्फ्यू आहे ५ जानेवारीपर्यंत, त्यामुळे २४ ची मिस्सा संध्याकाळीच उरकतायत. आता ५० जागा आणि हजारो पॅरिशनर, त्यात ज्यांना टोकन नाही मिळालं तेही गेटवर येऊन उभे राहतात आणि आमच्याशी हुज्जत घालतात, खरा धोका तिथे आहे, आत नाही. तुमच्या मम्मीला त्या गेटवर आणू नका असं माझं मत.

शांताक्रूझचा_साधा

५० माणसं चर्चमध्ये, आणि मार्केटमध्ये जाऊन बघा खांद्याला खांदा. बार उघडले ५ ऑक्टोबरला, चर्च-देवळं उघडायला १६ नोव्हेंबर. आम्ही काय दारूपेक्षा वाईट काय?? बाकी चालू द्या.

गेटवरचा_गडी

@शांताक्रूझचा_साधा राग बरोबर आहे हो, पण बारमध्ये ७३ वर्षांच्या आज्या पहिल्या बाकावर बसत नाहीत. आपल्याकडे पहिल्या मिस्सेला सगळं केस पिकलेलं पब्लिकच असतं.

संडेस्कूलवाली

धर्मशिक्षणाचे वर्ग घेते मी, त्यामुळे पापाचा भाग माझ्याकडे 🙂

पाप अजिबात नाही. रविवारच्या मिस्सेचं बंधन मार्चपासूनच शिथिल केलंय, आणि ते नसतं केलं तरी आजारी माणसावर, म्हाताऱ्यावर, ज्याला जाणं खरंच शक्य नाही त्याच्यावर बंधन नसतंच, कोविडच्या आधीपासून. चर्चच्या कायद्यात कलम १२४८ मध्ये तर लिहूनच ठेवलंय की मिस्सेला जाणं अशक्य असेल तर घरी, कुटुंबासोबत प्रार्थनेला वेळ द्यावा. ऑनलाइन मिस्सा म्हणजे हजर राहून घेतलेली मिस्सा नव्हे, हे तुमच्या मम्मीचं बरोबर आहे, पण ती फुकट जाते असंही नाही. पोप फ्रान्सिस मार्च ते मे रोज सकाळी व्हॅटिकनमधल्या त्यांच्या राहत्या सांता मार्तामधून लाइव्ह मिस्सा करत होते तेव्हा घरी बसलेल्यांसाठी स्पिरिच्युअल कम्युनियनची (मनोमन ख्रिस्तप्रसाद घ्यायची) प्रार्थना स्वतः म्हणायचे.

आणि मिडनाइट मिस्सेवर अडून बसू नका कोणी. रोममध्येपण कर्फ्यू आहे, पोपची ख्रिस्तजन्माची मिस्सा यंदा संध्याकाळी साडेसातला ठेवलीय. २४ च्या संध्याकाळची मिस्सा नाताळचीच धरतात.

लोक विचारतात की फादर दहा मिस्सा का नाही करत, पन्नास-पन्नासच्या. अहो एका फादरने दिवसाला किती मिस्सा कराव्या यालाही मर्यादा आहे, एरवी रविवारी आणि सणाला फार तर तीन, यंदा नाताळला रोमने बिशपच्या परवानगीने चारपर्यंत मुभा दिलीय, तरी दहा नाहीच. आणि आपले बरेच फादर स्वतः साठीपुढचे आहेत हे आपण विसरतो.

राहता राहिला कुमसार (फादरजवळ पापांची कबुली), तो मात्र फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर होत नाही. मम्मींना करायचा असेल तर फादरना विचारा, बऱ्याच ठिकाणी आता आवारात, मोकळ्यावर खुर्च्या लांब ठेवून ऐकतात.

चिंबईचे_अंकल

मी स्वतः ७० चा आहे म्हणून म्हाताऱ्यांच्या बाजूने बोलतो. तुम्ही मुलं आमचा विचार करता, चांगलंय, पण दहा महिने घरात बसवलेल्या माणसाच्या मनाचं काय होतं ते ऑक्सिमीटरवर दिसत नाही. वांद्र्याच्या मतमाउलीची (माउंट मेरीची) जत्रा आमच्या आठवणीत कधी रद्द झाली नव्हती, यंदा सप्टेंबरमध्ये रस्ता रिकामा, मेणबत्तीवाल्यांची दुकानं नाहीत, आणि मी बाल्कनीतून बघत होतो.

वांद्र्याच्या गावठाणांत फिरलात तर गल्लीगल्लीत क्रूस दिसतील. त्यातले बरेच १८९६ च्या प्लेगनंतरचे आहेत, गाठीच्या तापाने घरंच्या घरं साफ झाली तेव्हा लोकांनी आपल्या दाराशी, आपल्या वाडीत क्रूस उभे केले आणि तिथेच उघड्यावर लदीन (सामूहिक प्रार्थना) म्हटली. आजपण मे महिन्यात म्हणतात. तर माझं म्हणणं एवढंच की चर्चच्या आतच पाहिजे असं नाही. तुमच्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये क्रूस किंवा ग्रोटो (मरियामातेच्या मूर्तीची गुहा) असेल तर २४ ला संध्याकाळी मम्मीला तिथे खुर्ची टाकून बसवा, चार घरं लांब लांब उभी राहून रोझरी (जपमाळ) म्हणा, दोन कॅरोल म्हणा. मास्क लावून. तिला माणसं दिसू देत.

मालाडकर_९०

कोणी लशीबद्दल सांगेल का, आमच्या एससीसीच्या (चर्चच्या शेजारगटाच्या) ग्रुपवर फिरतंय की कॅथलिकांनी लस घ्यायची नाही, गर्भाच्या पेशी वापरल्यात म्हणून??

संडेस्कूलवाली

@मालाडकर_९० ते फॉरवर्ड डिलीट करा. २१ तारखेलाच रोमहून स्पष्ट आलंय की दुसरी लस उपलब्ध नसेल तर अशी लस घेणं नैतिकदृष्ट्या चालतं. आपल्याकडे अजून एकही लस आलेली नाही, आली की मी पहिली रांगेत.

कलिना_गर्ल

विषय जरा जड करते, सॉरी. डॅडी जुलैमध्ये कोविडने गेले. मार्चअखेर महापालिकेचं पत्रक निघालं होतं की सगळ्या कोविड बॉडी जाळायच्या, ते लगेच बदललं आणि दफनाला परवानगी राहिली, त्यामुळे आम्हाला माती देता आली, पण मोजकी माणसं, फादर पीपीईमध्ये, आणि मम्मी घरी क्वारंटाइन. तिला काहीच बघता आलं नाही. चर्च उघडल्यावर तिला पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद मिळाला तेव्हा ती जी रडली ते मी सांगू शकत नाही. म्हणून बोरिवलीची, भावाचंही ऐक, मी तर जास्तच ऐकेन कारण मी तो आजार बघितलाय, पण "टीव्हीवर आहे ना" हे उत्तर मम्मीला देऊ नकोस प्लीज. पॅरिश ऑफिसला फोन कर. आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद नेणं मध्ये बंद होतं, आता आमच्याकडे फादर स्वतः येतात, दारात उभे राहून, पाच मिनिटं.

बोरिवलीची_धाकटी

@कलिना_गर्ल वाचून गप्पच झाले ग. डॅडींसाठी आज रोझरीत नाव घेते.

ऑफिसला फोन केला. घरी येतील पण जानेवारीत, आधीच लांब लिस्ट आहे आणि एकच फादर फिरतायत, दुसरे क्वारंटाइन. मम्मीला सांगितलं तर म्हणाली नाताळ जानेवारीत असतो का.

गेटवरचा_गडी

ताई मग वीकडेला या ना. २५ शुक्रवारी आहे, शनि-रवि पण भरलेले असतील, पण सोमवार-मंगळवार सकाळच्या मिस्सेला आमच्याकडे पंधरा-वीस माणसं असतात एवढ्या मोठ्या चर्चमध्ये. तुमच्याकडे किती येतात ते ऑफिसला विचारून घ्या.

संडेस्कूलवाली

करेक्ट. आणि मम्मींना सांगा की नाताळ एका दिवसाचा नसतोच, १ जानेवारीपर्यंत आठ दिवस नाताळच चालू असतो, गव्हाणीचा देखावापण तसाच असतो. यंदा नोव्हेंबरमध्ये कबरस्तानात जाऊन मृतांसाठी मिळवायची क्षमा रोमने आठ दिवसांऐवजी अख्खा महिनाभर दिली, का, तर कबरस्तानात एकदम गर्दी नको. गर्दी वाटून घ्या हे वरूनच आलेलं आहे.

बोरिवलीची_धाकटी

हे पटलं तिला!! आठ दिवस म्हटल्यावर लगेच कुठली साडी ते सुरू झालं. मंगळवार २९ सकाळ ठरली, भावाला मिस्सा झाल्यावरच कळवणार 😅. एकच, ती आयुष्यभर जिभेवर घेत आलीय, हातावर घ्यायला तयार नाही, म्हणते हात पापी असतात. काय करू?

गेटवरचा_गडी

हातावरच मिळेल, आमच्याकडे तरी यात सूट नाही. घरी दोनदा प्रॅक्टिस करून घ्या. उजव्या तळहातावर डावा तळहात ठेवायचा, होस्ट (ख्रिस्तप्रसाद) डाव्यावर येतो, एक पाऊल बाजूला सरकायचं, मास्क खाली, उजव्या हाताने तोंडात, मास्क वर. सॅनिटायझर आधी पूर्ण वाळू द्या, नाहीतर होस्ट ओला होऊन चिकटतो. आणि साइडच्या दाराजवळचा बाक धरा, पंखा बंद असला तरी तिथे वारा असतो.

चिंबईचे_अंकल

जीभ काय कमी पापी असते का, विचार तिला माझ्यातर्फे.