तीन पिढ्यांना एकत्र रमता येईल असा विरंगुळा कसा निवडावा?

प्रश्न

आमच्या घरात ७४ वर्षांचे सासरे, आम्ही पती-पत्नी, १५ वर्षांची मुलगी आणि ८ वर्षांचा मुलगा असे पाच जण आहोत. रविवारची दुपार सर्वांनी मिळून घालवायची असे ठरवून तीन महिने झाले, परंतु अजून काही जमलेले नाही. बुद्धिबळ मांडले, तर मुलगी प्रत्येक डाव जिंकत गेली आणि चौथ्या डावाला मुलाने मात होण्याआधीच सोंगट्या डब्यात भरायला घेतल्या. चित्रपट लावला, तर सासरे मध्येच उठून गेले. त्यांना अलीकडे कमी ऐकू येते हे माहीत असूनही, ते त्यामुळेच उठले हे आमच्या उशिरा लक्षात आले. फिरायला जायचे म्हटले की सगळे ‘हो’ म्हणतात, पण निघताना कोणाच्याच चेहऱ्यावर उत्साह दिसत नाही. पाचही जणांना सारखीच आवडेल अशी गोष्ट कशी शोधावी?

उत्तर १

तुमच्या प्रश्नातील तो ‘हो’ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. व्यवस्थापनशास्त्राचे अमेरिकन अभ्यासक जेरी हार्वे यांनी १९७४ मध्ये आपल्याच कुटुंबाचा एक अनुभव लिहिला होता. टेक्सासमधील कोलमन गावी, रणरणत्या दुपारी, घरची मंडळी डॉमिनो खेळत निवांत बसली होती. सासऱ्यांनी ८५ किलोमीटरवरच्या ॲबिलीनला जेवायला जाण्याचे सुचवले, एकेकाने होकार दिला आणि धुळीने माखून, थकून परत आल्यावर कळले की कोणालाच जायचे नव्हते. सासऱ्यांनीसुद्धा बाकीचे कंटाळले असतील असे समजून ते सुचवले होते. मला त्यात विशेष हे वाटते की एकत्र बसून खेळण्याचा चांगला चाललेला कार्यक्रम मोडून ते उठले. तेव्हा तोंडी विचारू नका. प्रत्येकाला चिठ्ठी द्या, तीवर काय आवडेल आणि काय नको हे दोन्ही लिहू द्या, आणि सर्वांच्या लिहून झाल्याशिवाय एकही चिठ्ठी उघडू नका.

उत्तर २

बुद्धिबळात नशिबाला जागा नाही, म्हणून १५ आणि ८ वर्षांच्या भावंडांमध्ये निकाल ठरल्यासारखाच असतो. सापशिडीत सगळे फाशावर असल्याने धाकटाही जिंकतो, मात्र थोरल्यांना करण्यासारखे काही उरत नाही. बुद्धिबळ सोडायचे नसेल, तर ताईने आपला वजीर उतरवून खेळावे. ही जुनी, सन्मान्य पद्धत आहे. फक्त हे मुलावर उपकार केल्यासारखे न मांडता, ताईसाठी अवघड आव्हान म्हणून मांडावे, कारण ते खरोखरच तसे आहे. दुसरा मार्ग सहकारी खेळांचा. २००८ मध्ये आलेल्या ‘पँडेमिक’ या पटावरच्या खेळात सर्व खेळाडू एकत्रच जिंकतात किंवा हरतात. अशा खेळांत एखादा जाणकार सर्वांच्या चाली स्वतःच ठरवू लागतो. ज्याची पाळी, त्याचाच निर्णय, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

उत्तर ३

मी सासऱ्यांविषयी लिहिते, कारण माझ्या आईच्या बाबतीत आम्ही हीच चूक वर्षभर केली. वयोमानाने ऐकू कमी येऊ लागते, तेव्हा बहुधा उच्च स्वराचे आवाज आधी हरपतात. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी व्यंजने पुसट होतात, आवाज येतो पण शब्द लागत नाही, आणि पार्श्वसंगीत असले की उरलेलेही बुडून जाते. अशी व्यक्ती नकळत समोरच्याच्या ओठांकडे पाहून ऐकत असते. म्हणूनच रात्री गच्चीवर तारे पाहण्याचा माझा बेत फसला: अंधारात आईला कोणाचाच चेहरा दिसेना आणि ती शाल गुंडाळून गप्प बसून राहिली. आम्हाला वाटले, तिला थंडी वाजते आहे.

पुढे आम्ही एक हजार तुकड्यांचे चित्रकोडे आणले आणि टेबलावर मोठा दिवा लावला, कारण उतारवयात डोळ्यांनाही जास्त उजेड लागतो. कडेचे तुकडे भाच्याने वेगळे काढले. आईने निळ्या आकाशाचा, सर्वांनी टाळलेला भाग स्वतःकडे ओढून घेतला. तिथे रंग मदतीला येत नाही, तुकड्याचा आकारच पाहावा लागतो, आणि त्यात ती आम्हा सर्वांपेक्षा तरबेज निघाली. बोलणे मध्येच थांबले तरी कोणाला अवघडल्यासारखे वाटत नव्हते. आजोबांच्या हाताला स्वतःचे काम मिळेल आणि समोर चेहरा दिसेल, एवढे दोनच निकष लावून पाहा.

उत्तर ४

झब्रिस्की आणि मॅककॉर्मिक या अभ्यासकांनी २००१ मध्ये कौटुंबिक विरंगुळ्याचे दोन प्रकार मांडले: घरातच, नियमित, फारशा तयारीशिवाय होणारा, आणि क्वचित, घराबाहेरचा, नवलाईचा. कुटुंबाला दोन्हींची गरज असते. एकाच रविवारकडून दोन्हींची अपेक्षा धरू नये. दर वेळी पाचही जण हवेतच, हा आग्रहही सोडावा.

प्रश्नकर्ती

चिठ्ठ्या लिहून घेतल्या. चित्रपट एकाही चिठ्ठीत नव्हता. मुलीने ‘आईबरोबर दोघींनीच फिरायला’ असे लिहिले होते. ते वाचून मला थोडे भरून आले. सासऱ्यांनी ‘जुने फोटो लावायचे आहेत’ एवढेच लिहिले होते. रविवारी खिडकीपाशी बसून ते प्रत्येक फोटोतील माणसे ओळखत होते, आणि शाई पुढच्या बाजूला उमटू नये म्हणून मुलगी मऊ पेन्सिलीने मागे नावे व साल लिहीत होती. मुलगा भिंग धरून होता. एका फोटोत कडेला अर्धवट दिसणारा मुलगा कोण, यावर तासभर खल झाला. तो अजून ओळखू आलेला नाही, म्हणून तो फोटो पुढच्या रविवारसाठी बाजूला ठेवला आहे.